एकशे एकावा प्रश्न

कौशिला सिवाकोटीला अभ्यासाला दिवसाकाठी बावीस मिनिटं मिळत. नॉर्थ हिलच्या कोपऱ्यावर बसमध्ये चढल्यापासून लॉन्ड्रीच्या फाटकापाशी उतरेपर्यंत बावीस. परतीलाही तेवढाच वेळ लागे, पण आठ तास उभं राहून झाल्यावर खिडकीला डोकं टेकलं की तिचे डोळे मिटत ते थेट घराच्या थांब्यावर उघडत. ती बावीस मिनिटं धरण्यात अर्थ नव्हता. घरी पोहोचावं तर सून रेणू चपला घालून दारात उभीच. दीड वर्षांची नात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाई आणि रेणू आपल्या पाळीला पळे. मग स्वयंपाक, नवऱ्याच्या गोळ्या, नातीला झोपवणं. त्यानंतर पुस्तक उघडलंच तर अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागत.

प्रश्न शंभर होते. त्यातले दहापर्यंत साहेब विचारणार, सहा बरोबर आले की पुरे. शिवाय एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, आणि अर्जात भरलेल्या माहितीबद्दल साहेबाशी इंग्रजीत बोलायचं. एवढं जमलं की कौशिला अमेरिकेची नागरिक होणार होती. एक्कावन्न वर्षांची बाई, पण नागरिक कुठलीच नव्हती. जन्म भूतानात, लग्न भूतानात, चिरांगच्या उतारावर सासरची संत्र्यांची आणि वेलदोड्यांची बाग. मग एका खानेसुमारीत सरकारी माणसांनी टेबलामागून चार प्रश्न विचारले आणि सिवाकोटींचं घर परक्यांच्या यादीत गेलं. पुढची अठरा वर्षं नेपाळातल्या छावणीत, बांबूच्या झोपडीत. तिथून विमानाने इकडे, ॲक्रनला. टेबलामागच्या माणसाने प्रश्न विचारला की तिचा हात अजून शालीच्या टोकाकडे जाई.

रेणूने सगळे प्रश्न आणि उत्तरं आपल्या आवाजात फोनमध्ये भरून दिली होती. बस उंच पुलावर आली की खाली दरीत धुकं साचलेलं असे, आणि कानात रेणू विचारत असे, "देशातली सर्वांत लांब नदी कोणती?"

"मिसुरी," कौशिला ओठांतल्या ओठांत म्हणे.

खाली धुक्यात तिला मिसुरी दिसे. पण ती वाहे माई नदीसारखी, रुंद पांढऱ्या वाळूतून. भूतान सोडल्यावर पहिल्यांदा त्या माईच्या काठीच त्यांनी प्लास्टिकचं छप्पर ताणलं होतं. "पूर्व किनाऱ्याला कोणता महासागर आहे?" अटलांटिक. महासागर तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या मनातला अटलांटिक चिरांगच्या पूर्वेला होता, टेकडी उतरून गेलं की लागेल असा, आणि त्याच्या काठाने संत्र्यांची झाडं होती. "युरोपी लोक येण्याआधी इथे कोण राहत होतं?" या प्रश्नापाशी ती दरवेळी थोडी थांबे. उत्तर पाठ होतं, पण ते लोक आता कुठे गेले, हे पुस्तकात नव्हतं. मग पूल संपे, धुकं मागे पडे आणि लॉन्ड्रीचं धुराडं दिसू लागे.

बावीस मिनिटांत शंभर प्रश्न बसत नाहीत. ते बसवले इंद्रकलेने.

इंद्रकला राई ही छावणीतली, जुन्या शेजारातली. वयाने दहा वर्षांनी लहान, आवाजाने दहा माणसांना पुरून उरेल अशी. लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या यंत्र घालत असे, पण लग्नाच्या हॉलमधले मोठे गोल टेबलक्लॉथ यंत्रात जात नसत. ते दोघींनी हाताने घडी करायचे. कापडाची दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. मागे सरून ताणायचं, झटकायचं, पुढे येऊन टोकं जुळवायची, पुन्हा मागे. दिवसभरात दीडशे कापडं होत.

"दिदी, एक कापड, एक प्रश्न," इंद्रकला म्हणाली. "मागे जाताना मी विचारणार, पुढे येताना तू सांगायचं. कापड जमिनीला लागलं तर नापास."

तिची स्वतःची परीक्षा दोन वर्षांपूर्वीच झाली होती.

"सेनेटर किती?"

"शंभर."

"आणि त्यातले कामाचे किती?"

"ते पुस्तकात नाही."

"झेंड्यावर पट्टे तेरा का?"

"पहिल्या वसाहती तेरा होत्या."

"माझ्या नवऱ्याचं डोकं का दुखतं?"

"तुझ्यामुळे."

"शाबास दिदी, तू तर राष्ट्राध्यक्ष होणार!"

वाफेने भरलेल्या त्या लांबलचक खोलीत पांढरी कापडं वर जात, फुगत, खाली येत. कधी कधी कापड वर असताना कौशिलेला पलीकडची इंद्रकला दिसेनाशी होई, नुसता आवाज येई, आणि वाटे की प्रश्न ते कापडच विचारतंय. संध्याकाळपर्यंत सगळा देश, त्याच्या नद्या, कायदे आणि लढाया, घड्या होऊन गाड्यावर रचलेला असे.

हे सगळं चाललं होतं आईसाठी. कौशिलेची आई अजून छावणीतच होती. सगळे अमेरिकेचे अर्ज भरत होते तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "मी भूतानकडे तोंड करून बसलेय. आता पाठ फिरवायची नाही." धाकट्या मुलाजवळ ती राहिली. आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. शनिवारी फोनवर ती एकच विचारी, "पोरी, कधी येतेस?" गेल्या दसैंला, म्हणजे दसऱ्याला, म्हणाली होती, "पुढच्या दसैंला माझ्या हाताने तुझ्या कपाळाला टिळा लावायचाय. कपाळ कुठे आहे ते मी चाचपून शोधीन, तू नुसती समोर बस." पण पासपोर्टाशिवाय कौशिलेचा मुलगा खेम तिला जाऊ देत नव्हता. निर्वासितांच्या कागदावर गेलेल्या एका शेजाऱ्याची वाटेत फार ओढाताण झाली होती. "नागरिक हो, आमा, मग मान वर करून जा," खेम म्हणे. दसैं ऑक्टोबरात होता. मार्चात परीक्षा झाली, जूनमध्ये शपथ झाली, तर पासपोर्ट हातात पडून तिकीट काढायला वेळ होता.

मार्चातल्या एका सकाळी खेमने तिला क्लीव्हलँडला नेलं. गाडी वळणावरून वर आली आणि समोर पाणीच पाणी. निळंकरडं, पलीकडचा काठ नसलेलं.

"अटलांटिक!" कौशिला म्हणाली.

"आमा, तळं आहे ते. असलं काही साहेबासमोर बोलू नकोस."

साहेब तरुण होता, सर्दीने बेजार. त्याने सहा प्रश्न विचारले, तिने सहा उत्तरं दिली. नदीही त्यात होती. वाक्य वाचलं, वाक्य लिहिलं. साहेबाने नाक पुसलं आणि अर्ज पुढे ओढला. नाव, पत्ता, काम. सगळं नीट. मग तो म्हणाला, "तुमच्या पतीचं नाव काय?"



प्रश्न तिला समजला होता, नावही ठाऊक होतं. पण पस्तीस वर्षांत ते तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. तिच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घरातला दुसरा मुलगा म्हणून सगळं गाव त्याला माइला म्हणे, लहान मुलं माइला बा म्हणत, आणि ती "अहो", नाहीतर "खेमचे बा". खरं नाव होतं ते कागदावर. खानेसुमारीत ते सासऱ्याने सांगितलं, छावणीत शिधापत्रिकेसाठी दिराने. अमेरिकेला येतानाच्या मुलाखतींत तो स्वतःच शेजारी बसलेला असे. तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

तिने अर्जाकडे बोट केलं. "तिथे आहे. कागदावर."

"हो, पण तुम्ही सांगा."

तिने शालीचं टोक तोंडाशी नेलं आणि हसली. लाज वाटली की ती हसे. साहेबाला ते हसू काय समजणार? त्याने प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तसा. मग विचारलं, "मी काय विचारतोय ते कळतंय का?" तिने होकारार्थी मान हलवली, पण तोपर्यंत तिच्या कानांत वारं शिरल्यासारखं झालं होतं. पुढचे चार प्रश्न आले नि गेले. तिच्या हातात कागद पडला. शंभर प्रश्नांचा भाग उत्तीर्ण, वाचन उत्तीर्ण, लेखन उत्तीर्ण. इंग्रजी संभाषण अनुत्तीर्ण. तीन महिन्यांच्या आत आणखी एक संधी मिळेल. तीही गेली तर सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दीड-दोन वर्षं.

घरी तिने एवढंच सांगितलं, "इंग्रजी कमी पडलं."

रेणूने त्याच आठवड्यात फोनमध्ये आणखी दोनशे वाक्यं भरून दिली. बिचारी कामावरून येऊन, जेवण बाजूला ठेवून ती बोलत बसे: तुम्ही कधी तुरुंगात गेला होतात का, तुम्ही किती वेळा देशाबाहेर गेलात. कौशिला पुलावर ती वाक्यं ऐके आणि तिला शरम वाटे. यातलं एकही वाक्य तिला अडत नव्हतं. सांगावं तरी कसं? आजकालच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, रेणू तर खेमला टोपणनावाने बोलावते. हसल्या असत्या. आणि हसण्यापुरतं असतं तर गोष्ट निराळी होती.

लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात सासूने तिला वेलदोड्याच्या बागेत नेलं होतं. ओल्या सावलीत खोडाशी वाकून शेंगा खुडता खुडता सासू म्हणाली होती, "त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. एकदा घेतलं की त्याचा एक दिवस जातो." एवढं सांगून ती पुढच्या झाडाकडे गेली. कौशिलेने त्यावर कधी विचार केला नव्हता. श्वास घेतो तसं ती ते पाळत आली. पण दीड वर्षांपूर्वी माइला बाच्या छातीवर उभी चीर घालून डॉक्टरांनी हृदयाच्या तीन नळ्या दुरुस्त केल्या, आणि तेव्हापासून त्याचा प्रत्येक दिवस तिला मोजून दिल्यासारखा वाटे. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबला की तीही चुलीपाशी थांबे.

आता तिला स्वप्नं पडू लागली. बसमध्ये, परतीच्या बावीस मिनिटांत. वेलदोड्याची बाग, त्यात टेबल मांडलेलं, टेबलामागे सासू. सासू साहेबाच्या आवाजात विचारी, "सर्वांत लांब नदी कोणती?" कौशिला उत्तर द्यायला तोंड उघडे आणि तोंडातून पांढरं कापड निघू लागे, हातभर, दोन हात, संपतच नसे. तिकडे लांब आई बसलेली असे, हवेत हात पुढे करून, कपाळ शोधत. थांबा आला की चालक हाक मारी, "ताई, नॉर्थ हिल!" त्यालाही सवय झाली होती.

शेवटी तिने इंद्रकलेला सांगितलं. कापड दोघींच्या मधोमध ताणलेलं असताना सांगितलं, म्हणजे तोंड लपवता आलं असतं.

इंद्रकलेने आधी ओठ दाबले. मग राहवेना, हसता हसता तिने आपल्या हातातली दोन्ही टोकं सोडून दिली. कापड फरशीवर गेलं. पलीकडच्या बाया वळून बघायला लागल्या.

"दिदी! एवढ्यासाठी? माझं बघ की. मी रोज सकाळी त्याला नावाने शिव्या घालते. मनबहादुर, ऊठ रे आळशा! मनबहादुर, कचरा कोण टाकणार, तुझा आजा? सोळा वर्षं झाली. बघ, अजून ठणठणीत आहे. उलट जाड झालाय."

"तुम्हा राई लोकांत चालतं गं."

"आमच्यात नवरे वेगळ्या मातीचे असतात काय?" तिने कापड उचललं, झटकलं. मग कौशिलेच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "बरं. माझ्या नवऱ्याचं नाव घे."

"मनबहादुर."

"जोरात."

"मनबहादुर!"

"झालं का त्याला काही? सोफ्यावर बसून कुरमुरे खात असेल. आता बुधे काकाचं. आता दुकानवाल्याचं. आता तुझ्या नवऱ्याचं."

कौशिला पुढे आली. टोकं जुळवायला हात वर केले. तोंडही उघडलं. इंद्रकला वाट बघत राहिली. कापडाची घडी झाली, दुसरी झाली, ते चौकोनी होऊन गाड्यावर गेलं, आणि नाव आलं नाही.

"राहू दे," इंद्रकला म्हणाली. "उद्या पुन्हा." आणि रोज पुन्हा होत राहिलं. शंभर प्रश्न विचारून झाले की शेवटच्या कापडाला ती नुसती भुवया उडवी, आणि कौशिला नुसती मान हलवी.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी माइला बा आणि ती मळ्यावर गेली. चर्चच्या मागच्या जमिनीचे तुकडे पाडून लोकांना भाजीला दिले होते, त्यातला एक त्यांचा होता. माती अजून गार होती. ती रायोच्या भाजीसाठी वाफे करत होती, तो उपडी बादली घालून तिच्यावर बसला होता. डॉक्टरांनी त्याला खणायला मनाई केली होती, तेव्हापासून तो देखरेख करी.

"वाफा वाकडा चाललाय."

"या मग, सरळ करा."

त्याने पायाने एक ढेकूळ बाजूला सारलं. मग म्हणाला, "ए खेमची आई, तू नापास कशाने झालीस ते मला ठाऊक आहे."

"इंग्रजी कमी पडलं."

"इंग्रजी गेलं खड्ड्यात. माझं नाव कमी पडलं."

तिने कुदळ चालूच ठेवली.

"मागल्या वर्षी माझ्या परीक्षेत साहेबाने मला बायकोचं नाव विचारलं. मी धाडकन सांगितलं. तीनदा सांगितलं, त्याला ऐकू कमी येत होतं. आणि घरी येताना गाडीत मनात आलं, हिला विचारल्यावर ही काय करेल?"

"तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, तुला सुचेल काहीतरी. तुला नेहमी सुचतं."

"नाही सुचलं." कुदळ थांबली. "सासूबाईंनी सांगितलं होतं. एकदा घेतलं की एक दिवस जातो."

"आईने? एक दिवस?"

"हो."

"वर्ष नाही ना म्हणाली?"

"एक दिवस म्हणाल्या."

त्याने मान डोलावली. बाजारात भाव ऐकून डोलवावी तशी. "आणि कुठला दिवस जातो, ते सांगितलं का?"

"ते कुठे सांगितलं."

"मग शेवटचा घे ना. शेवटच्या दिवशी माणूस करतो काय? नळ्या लावून पडलेला असतो. तुला ओळखणारसुद्धा नाही मी त्या दिवशी. असला दिवस ठेवून मी काय करू? तो तू घे आणि आईला भेटून ये."

"असलं अभद्र बोलायला जीभ कशी रेटते तुमची!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या तुकड्यावरचा माणूस उभा राहिला. मग ती खाली बसून हातानेच ढेकळं फोडू लागली.  त्यानंतर तासभर बादलीवर बसून तो उन्हात डोळे मिटून राहिला, आणि ती मधून मधून मान वर करून त्याची छाती वरखाली होते आहे ना, ते बघत होती.

पण ते बोलणं तिच्यात राहिलं. पुलावरच्या धुक्यात ती आता प्रश्न ऐकेनाशी झाली. कानातला फोन बंद असे. एका बाजूला आईचे दिवस होते, ते किती उरले कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या बाजूला याचा एक, कुठलातरी. ती मनात ते नाव उभं करून बघे. मनात घेतलेलं चालत असावं, सासूने ‘तोंडाने’ असं म्हटलं होतं. कसं होतं ते नाव? तिला नवल वाटलं, ते छान होतं. लग्नाच्या दिवशी भटजींनी ते मोठ्याने म्हटलं होतं, आणि घुंघटाखाली बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला ते ऐकून, ज्याचा चेहराही नीट पाहिला नाही असा तो माणूस आवडला होता. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. त्यालाही नाही.

मेच्या अखेरीस दुसरं बोलावणं आलं. या वेळी टेबलामागे एक वयस्क बाई होत्या. विणलेला स्वेटर, चष्मा गळ्यात लोंबता, खिडकीत एक रोपटं. त्यांनी उजवा हात वर करायला लावून खरं बोलण्याची शपथ दिली.

"तुमचं पूर्ण नाव?"

"कौशिला देवी सिवाकोटी."

"जन्मतारीख?"

"एक जानेवारी."

बाईंनी अर्जाची पानं उलटली आणि त्यांना हसू आलं. "मुलगा एक जानेवारी. तुमचे पतीही एक जानेवारी. सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी?"

"छावणीत लिहिणाऱ्याला घाई होती," कौशिला म्हणाली. "आम्ही एकच केक आणतो."

बाई मोकळ्या हसल्या. कौशिलेलाही बरं वाटलं. पत्ता झाला. काम झालं. लॉन्ड्रीत काय करता, तर टेबलक्लॉथ घडी करते, मोठे, गोल, दोघींनी मिळून. इथे किती वर्षं, सहा. तिचं इंग्रजी सुरळीत चाललं होतं, मधली छोटी अक्षरं गळत होती, पण चाललं होतं.

"आणि तुमच्या पतीचं नाव?"

 टेबलावरच्या यंत्राची बारीक घरघर येत होती. बाईंनी मान वर केली नव्हती, लेखणी कागदावर टेकवून त्या वाट बघत होत्या. कौशिलेला वाटलं, मधे पांढरं कापड वर गेलंय आणि हवेत थांबलंय, खाली यायचं नाव घेत नाही. त्याच्या पलीकडे बागेतली ओली सावली, वाकलेली सासू. आणखी पलीकडे आईचे दोन हात. आणि अगदी जवळ, बादलीवर बसलेला एक माणूस, उन्हात डोळे मिटून. तो देत होता. कुणी देत असताना घ्यायचं नाही म्हणणं, हेही तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने शाल मांडीवर ठेवली.

"यदुनाथ," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "यदुनाथ सिवाकोटी."

"थँक यू," बाई म्हणाल्या आणि खूण करून पान उलटलं. "तुम्ही कधी जुगार खेळून पैसे कमावलेत का?"

बस एवढंच. पस्तीस वर्षं जपलेली गोष्ट त्या खोलीत उच्चारली गेली आणि रोपट्याचं पान हललं नाही. कौशिला भानावर आली. "नाही," ती म्हणाली. दारू? नाही. तुरुंग? नाही. या देशासाठी गरज पडली तर काम कराल? करीन. ती आता भराभर बोलत होती, कारण तिला बाहेर जायचं होतं.

बाईंनी कागद दिला. अभिनंदन केलं. शपथविधीची तारीख टपालाने येईल म्हणाल्या. कौशिलेने दोन्ही हातांनी कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या दालनात आली. खेम खुर्चीत डुलक्या घेत होता. त्याला न उठवता ती जिना उतरून रस्त्यावर गेली. तळ्यावरून गार वारा येत होता. तिने फोन काढला. पहिला नंबर आईचा होता, त्याच्याखाली घरचा. तिने घरचा दाबला.

घंटी वाजत राहिली. तीन. चार. या वेळी तो जागा असतो. पाच. नातीला मांडीवर घेऊन खिडकीत बसतो, फोन शेजारीच असतो. सहा.  ती कठड्याला टेकली. सात.

"हॅलो?"

 ती नुसती ऐकत राहिली. त्याचा श्वास, थोडी धाप, मागे नातीची बडबड.

"हॅलो, कोण? बोला की! ए, चमचा दे तो. कोण आहे?"

"मी."

"तू होय! मग श्वास काय सोडतेस नुसती? ही पोरगी पळाली होती बाथरूममध्ये, धावत आलो. काय झालं? पास?"

"पास."

 तिकडे त्याने घसा खाकरला. "आईला कळवलंस?"

"नाही अजून."

"मग मला काय फोन करतेस! तिला कर. तिकडे ती झोपेल आता."

"करते." पण तिने फोन ठेवला नाही. "तुम्ही बोलत राहा जरा."

"काय बोलू?"

"काहीही. जेवलात का?"

"जेवलो. म्हणजे जेवण कसलं, तू ठेवलेली डाळ होती, तिच्यात या बयेने हात बुडवला. मग भात परतला. मिरची घातली थोडी. थोडीच, ओरडू नकोस. आंबवलेल्या भाजीचं गुंद्रुक उरलं होतं ते सकाळीच संपवलं. हं, आणि रायो उगवलीय म्हणून शेजारचा सांगत होता, म्हटलं उद्या जाऊन बघू. तुझा तो वाफा वाकडाच आलाय म्हणे. मग तो दुकानवाला आला होता..."

तो बोलत राहिला. समोर पाणी पसरलं होतं, पलीकडचा काठ नसलेलं. कौशिलेने फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटून ती ऐकत राहिली.